काढलेलं सॉफ्टवेअर गेलंच नव्हतं: घाटंजी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरचं प्रकरण

नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाला सात-आठ दिवस बाकी, वावरात कापसाचा वेचा जोरात, आणि त्याच महिन्यात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. माझं तालुक्याला कॉम्प्युटर रिपेअरचं छोटं दुकान आहे, तिथं सकाळी साडेनऊला फोन आला. घाटंजीपासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक असलेल्या ताई बोलत होत्या. "भाऊ, मशीन बोटच घेत नाई ना. कालपासून एकाचाबी दाखला निंघाला नाई. मास्तर आले, फॉरेस्टातले बाबा आले, सारे परत गेले. आज पुन्हा येऊन बसून रायले."

मी म्हटलं बोटं पुसून घ्या, ओल्या फडक्यानं. आता खरं सांगतो, हे मी सवयीनं बोललो. आपल्याकडं वेचाईच्या दिवसांत बोटं खरंच घासून जातात, बोंडाची टोकं टोचून टोचून बाया-माणसांच्या बोटांच्या रेषा राहत नाहीत, त्यामुळं बोट लागलं नाही की सगळे बोटालाच दोष देतात. ताईंनी आदल्या दिवशी ओलं फडकं, व्हॅसलीन, अंगठा सोडून मधलं बोट, सगळं करून पाहिलं होतं. पण निवृत्त मास्तर काही कापूस वेचायला जात नाहीत, त्यांचं बोट कसं घासलं? हा प्रश्न मला गाडीला किक मारताना पडला, तोवर नाही.

तिथं पोचलो तर पंचायतीच्या ओट्यावर सात-आठ जण बसलेले. कॉम्प्युटर जुना, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०, इन्व्हर्टरवर. बोटाचं मशीन नवीन, महिनाभरापूर्वी घेतलेलं. आधी एल-झिरो प्रकारचं होतं, ते बंद होणार म्हणून एल-वन घेतलं. दोघांतला फरक थोडक्यात असा की जुन्यात बोटाच्या डेटावर सही कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करायचं, नवीन मशीन ती सही स्वतःच्या आतच करते, म्हणून ते जास्त सुरक्षित धरतात. दोन्हींसोबत 'आरडी सर्व्हिस' (रजिस्टर्ड डिव्हाइस सर्व्हिस) नावाचं, मागं सतत चालणारं आणि मशीनला बाकी सॉफ्टवेअरशी जोडणारं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि सगळा घोळ तिथंच होता, पण ते कळायला दुपार झाली.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे ताईंना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं करा, मी नुसता बघतो. मास्तरांनी अंगठा ठेवला, स्क्रीनवर लाल अक्षरात मेसेज आला, ताईंनी तो वाचायच्या आत बंद केला, पुन्हा मारला, पुन्हा बंद. मी म्हटलं थांबा, वाचू द्या. तो होता ७२०, डिव्हाइस नॉट रेडी.

इथं जरा थांबून सांगतो, कारण केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे. बोट जुळलं नाही तर आधारच्या सर्व्हरकडून ३०० नंबरचा एरर येतो, बायोमेट्रिक जुळलं नाही म्हणून. म्हणजे बोट दिल्ली-बेंगळुरूपर्यंत जाऊन आलं आणि नापास झालं. ७०० च्या घरातले एरर तुमच्या टेबलावरचे आहेत, ते आरडी सर्व्हिसच देते. ७०० म्हणजे वेळ संपली, ७१० म्हणजे मशीन दुसरा प्रोग्राम वापरतोय, ७२० म्हणजे मशीन तयारच नाही. दोन्ही लाल, दोन्ही इंग्रजी, म्हणून सगळे एकाच पोत्यात. मास्तरांचं बोट कॉम्प्युटरच्या बाहेर गेलंच नव्हतं, आणि दोन दिवस त्यांना व्हॅसलीन लावणं चालू होतं.

पण मग अजून कोडं. मशीनचा लाइट चालू, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, आणि ताई म्हणतात, "आधारवर पैसे काढणं तं चालूच हाये, कालबी चार जणायचे काढले." तेच मशीन, तेच बोट, एका ठिकाणी चालतं एका ठिकाणी नाही. मंग मशीन खराब कसं म्हणायचं?

आरडी सर्व्हिस कशी चालते हे माहीत असेल तर इथं दिवा पेटतो. ही सर्व्हिस तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटं दुकान मांडून बसते, ११,१०० ते ११,१२० या पोर्ट नंबरांपैकी जो मोकळा सापडेल त्यावर. दाखल्याचं किंवा बँकेचं सॉफ्टवेअर ११,१०० पासून एकेक दार ठोठावत जातं की बाबा इथं कोणी आरडी सर्व्हिस आहे का, आणि आतून उत्तर येतं की आहे, रेडी आहे किंवा नॉट रेडी आहे. आता काही सॉफ्टवेअर सगळी दारं ठोठावून पाहतात किंवा तुम्हाला मशीनचं नाव निवडायला लावतात. पैसे काढायचं त्यातलं होतं, ताई यादीतून नवीन मशीनचं नाव निवडायच्या. आणि काही सॉफ्टवेअर पहिलं दार उघडलं की तिथंच थांबतात.

काळी विंडो उघडून नेटस्टॅट मारला (कोणत्या पोर्टवर कोण बसलंय ते दाखवणारी आज्ञा), आणि ११,१०० वर कोण बसलंय त्याचा प्रोसेस नंबर काढला. तिथं नवीन मशीनची सर्व्हिस नव्हतीच. ती ११,१०१ वर होती. ११,१०० वर बसली होती जुन्या मशीनची सर्व्हिस, जे मशीन सप्टेंबरातच कपाटात गेलं होतं. ती इमानदारीनं प्रत्येकाला सांगत होती, हो मी आहे, पण माझं मशीन जोडलेलं नाही, नॉट रेडी.

ताई एकदम म्हणाल्या, "अवो पण मी तं ते काढून टाकलं होतं! कंट्रोल पॅनलमधून. पूर्ण निंघालं म्हणून मेसेजबी आला होता. आता हे कोण बसून रायलं मंग तिथं?"

यादीत नाही म्हणजे घरात नाही, असं नसते

ताईंचं काही चुकलं नव्हतं. कंट्रोल पॅनलमधली प्रोग्रामची यादी उघडली तर जुन्या मशीनचं नाव खरंच नव्हतं. पण ती यादी म्हणजे तरी काय असते? विंडोज काही कॉम्प्युटरभर फिरून कोण कोण आहे हे मोजत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या मोठ्या वहीत, 'अनइन्स्टॉल' नावाची एक शाखा असते, प्रत्येक प्रोग्राम इन्स्टॉल होताना तिथं आपलं नाव आणि मला काढायचं असेल तर ही फाइल चालवा असा एक पत्ता लिहून ठेवतो. आपण अनइन्स्टॉल दाबलं की विंडोज फक्त तो पत्ता चालवतं. पुढं काय काढायचं, काय ठेवायचं, हे त्या प्रोग्रामच्याच अनइन्स्टॉलरच्या हातात.

आणि तो अनइन्स्टॉलर कसा बनवला त्यावर सगळं अवलंबून. बनवायच्या पद्धती मुख्य तीन: इन्नो सेटअप, एमएसआय आणि एनएसआयएस. इन्नो सेटअपनं बनवलेला असेल तर इन्स्टॉल करतानाच तो कुठं कुठं काय टाकलं त्याची नोंद unins000.dat नावाच्या फाइलीत ठेवतो आणि काढताना ती उलटी वाचतो. एमएसआय असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलर फोल्डरमध्ये त्याची प्रत राहते, हिशोब बऱ्यापैकी पक्का. एनएसआयएसनं बनवलेला असेल तर काय काढायचं ते बनवणाऱ्या माणसानं हातानं लिहायचं असते, तो विसरला की विसरला. पण तिन्हींची एक गोष्ट सारखी. इन्स्टॉलरनं जे टाकलं ते त्याच्या नोंदीत असते, प्रोग्रामनं नंतर चालताना स्वतः जे बनवलं ते सहसा नसते.

लग्नातला मंडपवाला आठवा. सकाळी येतो, बांबू मोजून नेतो, ताडपत्र्या मोजून नेतो, त्याची यादी पूर्ण होते. रात्री पोरांनी आणखी चार बांबू कुठून तरी आणून रोवले ते तसेच उभे राहतात, कारण ते त्याच्या यादीत नाहीत. आणि खड्डे तर कोणाच्याच यादीत नसतात.

आमच्या प्रकरणात रात्रीचे बांबू रोवले होते ऑटो-अपडेटनं. जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर २०२१ मध्ये टाकलेलं. सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये (हे लपलेलं असते, व्ह्यूमध्ये जाऊन दिसतं करावं लागते) त्याच कंपनीच्या नावाचं एक फोल्डर सापडलं, आतल्या फाइलींची तारीख २०२३ ची. म्हणजे दोन वर्षांनी त्यानं स्वतःची नवीन आवृत्ती वेगळ्याच फोल्डरमध्ये उतरवली, थोड्या वेगळ्या नावानं नवीन सर्व्हिस बनवली, आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) एक काम टाकलं की ही सर्व्हिस बंद दिसली तर चालू कर. सप्टेंबरात ताईंनी अनइन्स्टॉल केलं तेव्हा २०२१ च्या यादीप्रमाणं प्रोग्राम फाइल्समधलं सगळं गेलं. २०२३ चं संसार थाटून बसलेलं तसंच राहिलं, रोज कॉम्प्युटरसोबत उठत होतं. ऑक्टोबरात नवीन मशीन आलं तेव्हा त्याला ११,१०१ मिळालं. महिनाभर फक्त पैसे काढायचं काम होतं म्हणून कोणाला कळलं नाही. हयातीचे दाखले नोव्हेंबरातच, तेव्हा उघडं पडलं.

काढायला अर्धा तास लागला आणि एक रात्र वाया गेली. ती रात्र माझ्या घाईमुळं. आधी टास्क शेड्युलरमधलं काम बंद केलं, कारण ते ठेवून सर्व्हिस मारली की दोन मिनिटांत परत जिवंत. मंग सर्व्हिस थांबवली, थांबेना, अडकून बसली, तरी एससी डिलीट या आज्ञेनं काढायला सांगितली. त्यानं उत्तर दिलं की सर्व्हिस डिलीट करायच्या खुणेत टाकली आहे, म्हणजे आत्ता गेली नाही, पुढच्या वेळी जाईल. प्रोग्रामडेटातल्या फोल्डरचं नाव बदलणार तर फाइल वापरात आहे म्हणे. संध्याकाळ झाली होती, इन्व्हर्टर कुंई-कुंई करत होता. मी म्हटलं ताई, कॉम्प्युटर बंद करून टाका, उद्या चालू केला की झालं. आणि निघून आलो.

सकाळी पुन्हा फोन, "भाऊ, तेच ते!"

हे मला माहीत असून मी चुकलो याचं जास्त वाईट वाटलं. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन हे खरं शटडाउन नसते. तुमचं लॉगिन बंद होतं, पण आतला गाभा आणि चालू सर्व्हिस डिस्कवर झोपवून ठेवतात आणि सकाळी तशाच उठवतात, म्हणून तर लवकर चालू होतो. मारायला टाकलेली सर्व्हिसही तशीच झोपली आणि तशीच उठली. पुढच्या बूटला पुसायच्या फाइलींची यादी विंडोज ठेवते, तीही खऱ्या रिस्टार्टलाच वाचली जाते. फोनवरच सांगितलं, शटडाउन नाही, रिस्टार्ट दाबा. चार-पाच मिनिटांनी ताईंचा आवाज, "निंघाला! मास्तरचा निंघाला!" ओट्यावरून कोणीतरी ओरडल्याचं मला फोनवर ऐकू आलं. उरलेलं, म्हणजे जुन्या मशीनचा ड्रायव्हर विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये पडून होता तो पीएनपीयूटील या विंडोजच्याच टूलनं काढला, ते मी मतदान झाल्यावर निवांत जाऊन केलं.

मंग ठरवलं की टाकतानाच लिहून ठेवायचं

माझा पहिला सल्ला होता फॉर्मेट मारू. ताई एकदम, "फॉर्मेट मारू नका बाप्पा! त्याच्यात साहेबाच्या सहीचं टोकन हाये, टायपिंगचे फॉन्ट हायेत, प्रिंटरची सीडी तं कवाच हारपली." बरोबर होतं त्यांचं. (टोकन म्हणजे डिजिटल सही ठेवलेला, पेन ड्राइव्हसारखा तुकडा.) आणि फॉर्मेट मारून तरी काय, सहा महिन्यांनी परत तेच. पंचायतीच्या कॉम्प्युटरवर दर दोन महिन्यांनी काहीतरी नवीन टाकावंच लागते, कोणत्या तरी योजनेचं, कोणत्या तरी मशीनचं.

नंतर पुसणारी टूलं बरीच आहेत. रेव्हो अनइन्स्टॉलरची फुकट आवृत्ती आहे, बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर आहे (नाव असंच आहे, काय करणार, टूल चांगलं आहे). ही टूलं प्रोग्रामचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवून झाल्यावर उरलंसुरलं शोधतात. पण ते बरेचसे अंदाजानं शोधतात, नाव जुळतंय का, फोल्डर जुळतंय का. आमच्या जुन्या सर्व्हिसचं नाव वेगळं होतं, अंदाजाला ती सापडली असती का, शंका आहे. अंदाजापेक्षा साक्षीदार बरा. टाकायच्या आधी कॉम्प्युटरचा एक फोटो, टाकल्यावर दुसरा फोटो, आणि दोघांतला फरक. त्या फरकाचाच कागद जपून ठेवायचा. रेव्होच्या पैशाच्या आवृत्तीत आणि टोटल अनइन्स्टॉल नावाच्या टूलमध्ये ही सोय आहे, पण पंचायतीत पैशाचं नाव काढलं की ठराव, म्हणून मी फुकटचं रेगशॉट घेतलं.

रेगशॉट एकदम साधं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, फर्स्ट शॉट दाबायचा, मंग आपलं काम करायचं, मंग सेकंड शॉट, मंग कम्पेअर. रजिस्ट्रीत काय वाढलं, काय बदललं, काय गेलं, ते टेक्स्ट फाइलीत निघतं. फोल्डरही तपासायचे असतील तर खाली एक खूण असते, तिथं प्रोग्राम फाइल्स दोन्ही, प्रोग्रामडेटा आणि युजरचं ॲपडेटा हे लिहून द्यायचे. ते नाही दिलं तर नुसती रजिस्ट्री निघते आणि अर्धी गोष्ट हातात येते.

पहिल्या वेळी हसं झालं. टोकनचं नवीन ड्रायव्हर टाकायचं होतं, दोन शॉट घेतले, कम्पेअर मारलं, आणि फाइल निघाली हजारो ओळींची. मी डोकं धरून बसलो. टोकनवाल्यानं एवढं काय टाकलं? काहीच नाही, मागं विंडोज अपडेट चालू होतं, त्यानं आपलाही संसार त्याच फोटोत घुसवला. शिवाय विंडोज स्वतःही दर मिनिटाला काही ना काही लिहीतच असते, कोणता प्रोग्राम किती वेळा उघडला, कोणती विंडो कुठं होती. वर एकेक गोष्ट दोन-दोन वेळा दिसते, कारण कंट्रोलसेट ००१ आणि करंट कंट्रोलसेट हे एकाच वस्तूचे दोन पत्ते आहेत.

त्यावर जो उपाय बसला तो सांगतो. नेट काढायचं, अपडेट थांबवायचं, आणि सगळ्यात आधी काहीही न करता दोन शॉट घ्यायचे, मधे दहा मिनिटं चहा प्यायचा. त्या दहा मिनिटांत जे बदललं तो विंडोजचा रोजचा कचरा. ती फाइल बाजूला ठेवली की पुढच्या फाइलीतून तेवढं डोळ्याआड करता येतं. हजारो ओळींचं काम दीड-दोनशेवर आलं, आणि त्यातही खरं वाचायचं चार-पाच ठिकाणीच असते: सर्व्हिसेसची शाखा, रनची शाखा (कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची), अनइन्स्टॉलची शाखा, टास्क, आणि फोल्डर.

दुसरी गोष्ट आम्ही जुन्या सर्व्हिसकडून शिकलो. इन्स्टॉल संपलं की लगेच सेकंड शॉट मारायचा नाही. मशीन जोडायचं, प्रोग्राम एकदा उघडायचा, एक बोट घ्यायचं, बंद करायचा, रिस्टार्ट (शटडाउन नाही!), आणि मंग शॉट. फर्स्ट शॉट सेव्ह करून ठेवता येतो म्हणून रिस्टार्टनं काही बिघडत नाही. आणि प्रोग्रामनं नंतर अपडेट घेतलं की तुमचा कागद शिळा. त्यावर काही जादू नाही. आमच्याकडं दर तीन महिन्यांनी मी गेलो की सर्व्हिसेसची यादी जुन्या यादीशी लावून पाहतो, एवढंच.

लिनक्सवाल्यांना यातलं अर्धं ऐकून हसू येईल. तिथं डेबियन-उबंटूत पॅकेजनं टाकलेल्या प्रत्येक फाइलीची यादी सिस्टिमच ठेवते, डीपीकेजी या तिथल्या पॅकेज सांभाळणाऱ्या टूलला विचारलं की ओळीनं सांगतो, पर्ज म्हटलं की सेटिंगसुद्धा काढतो. पण तिथंही घरच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामनं जे लिहिलं ते राहतेच. आणि बोटाच्या मशीनचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं त्यावरच आम्हाला राहावं लागते.

यादी हातात आली म्हणून मी जे वाटोळं केलं ते

मार्च २०२५. मधल्या काळात मी एका पेड ट्रॅकिंग टूलची ट्रायल घेतली होती, कारण रेगशॉट नुसतं सांगतं, पुसून देत नाही, आणि हे टूल नोंद करून ठेवतं आणि एका बटणात सगळं उलटं करतं. जानेवारीत स्कॅनरचं एक सॉफ्टवेअर या टूलच्या देखरेखीखाली टाकलं होतं. ते कोणी वापरेना, म्हणून २७ तारखेला गेलो, टूल उघडलं, त्या सॉफ्टवेअरची नोंद निवडली, सगळ्याला खूण, डिलीट. एकही धागा उरला नाही. मी ताईंना ऐटीत म्हटलं, पहा, याला म्हणतात काढणं.

२९ ला ग्रामसेवक साहेबांचा फोन. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणते.) वर्षअखेर, पंधराव्या वित्त आयोगाचं पेमेंट, ते सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीशिवाय जात नाही. टोकन लावलं की मेसेज: एमएसव्हीसीआर १२० डीएलएल सापडत नाही. साहेब म्हणाले, "तुमी परवा काय करून गेले बावा? ३१ च्या आत पैसे नाई गेले तं मी काय उत्तर देऊ?"

काय झालं होतं ते वाटेतच कळलं. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी फाइल. ही डीएलएल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१३ च्या रनटाइमची, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या सामाईक फाइलींच्या पॅकेजमधली. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं जानेवारीत ती सोबत आणली, टूलनं नोंद केली की हे स्कॅनरवाल्यानं आणलं. फेब्रुवारीत टोकनच्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती टाकली, तिलाही तीच लागत होती, तिनं पाहिलं की आधीच आहे, म्हणून आणली नाही. दोघं एकाच डीएलएलवर जगत होते, पण कागदावर ती एकाच्याच नावानं. मंडपवाल्याच्या खुर्च्यांवर शेजारच्या बारशाची माणसं बसलेली, आणि मी यादी दाखवून खुर्च्या ओढल्या.

विंडोजला हा धोका माहीत आहे, म्हणून रजिस्ट्रीत शेअर्ड डीएलएल नावाची शाखा असते, तिथं कोणती फाइल किती जण वापरतात याचा आकडा ठेवतात, आणि एमएसआय आपला वेगळा हिशोब ठेवतो. चांगला अनइन्स्टॉलर तो आकडा एकनं कमी करतो, शून्य झाला तरच फाइल काढतो. फोटो पाहून पुसणाऱ्याला हा हिशोब दिसत नाही, आणि मी तर त्यानं विचारलेलंही न वाचता सगळ्याला खूण केली होती. म्हणजे अनइन्स्टॉलर कमी काढतो म्हणून मी ट्रॅकिंगकडं गेलो, आणि ट्रॅकिंगनं जास्त काढलं.

दुरुस्ती सोपी होती. मायक्रोसॉफ्टचं २०१३ चं पॅकेज डाउनलोड केलं, फाइली गेल्या होत्या पण नाव यादीत तसंच होतं, म्हणून इन्स्टॉल न म्हणता रिपेअर म्हणाला, तेच दाबलं. आधी ६४ बिटचं केलं, काही फरक नाही, मंग ३२ बिटचं केलं आणि टोकन बोललं. विंडोज ६४ बिट असला तरी प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर त्याला ३२ बिटचंच रनटाइम लागते, घाईत हे डोक्यातून जाते. पेमेंट त्याच दुपारी गेलं. साहेबांनी चहा पाजला नाही, आणि मला तो मागायची हिंमतही झाली नाही.

ती ट्रायल मी काढून टाकली. आता क्रम असा लावला आहे: आधी प्रोग्रामचा स्वतःचा अनइन्स्टॉलर, रिस्टार्ट, आणि मंग रेगशॉटचा जुना कागद घेऊन पाहायचं की त्यातलं काय उरलं. प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा, ॲपडेटा इथं त्याच कंपनीच्या नावाचं असेल ते, त्याची सर्व्हिस, त्याचं टास्क, हे काढायचं, तेही फोल्डरचं आधी नाव बदलून आठवडाभर थांबून. रजिस्ट्रीची शाखा काढायच्या आधी एक्स्पोर्ट. विंडोजच्या फोल्डरमधलं, म्हणजे सिस्टिम ३२ आणि सिसवॉव ६४ मधलं, उरलं तर उरू द्यायचं. दोन एमबीची फाइल पडून राहिली तर ती काही खायला मागत नाही.

आणि ताईंनी स्वतःहून एक काम केलं जे मला सुचलं नव्हतं. पंचायतीतलं एक कोरं लांब रजिस्टर घेतलं, आवक-जावकसारख्या रेघा मारल्या. तारीख, काय टाकलं, सेटअप फाइल कुठून आणली, कोणत्या मशीनसाठी, सोबत काय काय आलं, कोणत्या पोर्टवर बसलं, शॉटची फाइल कोणत्या नावानं ठेवली, आणि शेवटच्या रकान्यात 'कोण कोण वापरते'. तो शेवटचा रकाना मार्चच्या भानगडीनंतर आला. रनटाइमच्या ओळीत तिथं लिहिलंय: स्कॅनर (काढला), टोकन. त्याखाली लाल शाईनं: हात लावू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. या आय-थ्रीवर विंडोज ११ नियमानं बसत नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे नवीन मशीन येईल तेव्हा रेगशॉटच्या सगळ्या फाइली रद्दी, त्या या कॉम्प्युटरच्या होत्या. मी ताईंना तसं म्हटलं तर त्यांनी रजिस्टर समोर सरकवलं. "फाइली जाऊ द्या ना भाऊ. नवीन डब्यात काय काय टाकायचं, कोणतं आधी अन् कोणतं मांगून, ते सारं याच्यातच तं हाये. आणि ज्याच्यासमोर 'काढला' लिवलं हाये ते टाकायचंच नाई." मी पानं मोजली, सव्वीस नोंदी होत्या. त्यातल्या नवीन मशीनवर टाकायच्या निघाल्या अकरा.